ससाणीला घाबरवण्याची शिकवणी

माझ्या साडूंना आयुष्यात कोणी घाबरलेलं नव्हतं. हे मी कौतुकानं सांगतोय की तक्रारीनं, ते माझं मलाही नक्की ठाऊक नाही.

त्यांचं चष्म्याचं दुकान. तीस वर्षं एकाच जागी. वर दोन खोल्यांचं घर, मागे काचा घासायची खोली. दुकानात लहान मूल आलं की थेट साडूंच्या नाकावरचा चष्मा ओढायचं आणि साडू मान पुढे करून त्याची सोय करून द्यायचे. नळदुरुस्तीवाला तीनदा निरोप धाडूनही आला नाही, तेव्हा चौथ्यांदा साडू स्वतः त्याच्या घरी गेले आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारून परत आले. एकदा भरदुपारी दुकानात चोर शिरला. आवाज ऐकून साडू मागच्या खोलीतून बाहेर आले. चोरानं त्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे चोरी पुरी केली. चार दिवसांनी तोच माणूस चोरलेली फ्रेम कानामागे टोचते म्हणून वाकवून घ्यायला आला होता, असं माझी बायको सांगते. ही अतिशयोक्ती असावी. पण साडूंना विचारलं की ते विषय बदलतात.

घरातलं घाबरवण्याचं खातं ताईंकडे होतं. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांनी जिन्यावरून नुसतं "अहो" म्हटलं तरी साडूंच्या हातातलं भिंग सुटायचं आणि खाली पडायच्या आत ते झेलायचे. सरावानं आलेलं कसब.

साडूंना एकच व्यसन, काच पुसायचं. दुकानाची दर्शनी काच ते सकाळी अशी पुसायचे की ती आहे की नाही याचा पत्ता लागू नये. गिऱ्हाईक नाक आपटून आत यायचं आणि नाक चोळत म्हणायचं, "मला खरंच चष्म्याची गरज आहे." धंद्याला ते बरंच होतं. पण एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, त्या काचेवर माणसाचं नाक आपटलं नाही. आकाशातून सरळ रेषेत आलेलं काहीतरी आपटलं, आणि साडू बाहेर धावले तेव्हा पायरीवर एक ससाणा पंख पसरून पडला होता आणि त्यांच्याकडे बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी तो तपासून सांगितलं, की हा ससाणा नव्हे, मादी आहे. या वर्षीचंच पिल्लू आणि उजव्या पंखाचं हाड मोडलंय. या बाई पक्ष्यांवर उपचार करायच्या. वयानं लहान आणि बोलायला इतक्या तुटक, की प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात असं वाटावं. त्यांच्या दवाखान्यात त्या महिन्यात पक्ष्यांच्या आजाराची साथ होती. "तिथं ठेवली तर मरेल. शांत खोली हवी. सहा आठवडे."

"माझी आहे," साडू म्हणाले. "माझ्याच काचेवर आपटली ती."

वनखात्याचे अधिकारी येऊन काचा घासायची खोली बघून गेले आणि एक कागद देऊन गेले. त्यात लिहिलं होतं ते असं: सहा आठवड्यांनी पक्ष्याला मोकळ्या माळावर नेण्यात येईल. अधिकारी स्वतः पायी त्याच्याकडे चालत जातील. वीस पावलांच्या आत पोचायच्या आधी पक्षी उडाला तर तो मोकळा. नाही उडाला, किंवा माणसाकडेच आला, तर प्राणिसंग्रहालयाचा पिंजरा, कायमचा. साडूंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढचे सहा आठवडे शर्ट बदलला की तो कागदही नव्या खिशात जायचा.

पहिले तीन आठवडे साडूंनी तिचं जे काही केलं, ते बघून माझ्या बायकोनं मला दोनदा टोमणा मारला. मांसाचे तुकडे कात्रीनं बारीक करून ते बोटांनी भरवायचे. भरवताना बोलायचे. "आज जरा गार आहे, बरं का. आता हा मोठा आहे, बेतानं." आपण चष्मा घालून तिच्यासमोर गेलो तर ती काचेला बिचकेल म्हणून ते चष्मा काढून जायचे आणि अंदाजानं भरवायचे, त्यामुळे बोटांवर पट्ट्या वाढत गेल्या. मी म्हणायचो, "साडूभाऊ, पंख तिचा मोडलाय. मलमपट्टी तुमचीच जास्त दिसते." ते हसायचे. इतकं सुखी मी त्यांना त्यांच्या लग्नाच्या फोटोतही बघितलेलं नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. हाड छान जुळलं होतं. मग साडू खोलीत गेले, तशी ससाणी दांड्यावर खाली वाकली, पंख लोंबकळते सोडले, मान लांब केली आणि रडक्या सुरात ओरडायला लागली. साडूंचा चेहरा असा फुलला, जसं काही कोणी त्यांना हार घातलाय.

"पिल्लू आईकडे मागतं, तसं मागतेय," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे."

"हो ना," साडू म्हणाले.

"वाईट झालं."

साडूंचा चेहरा हारासकट खाली आला.

"तिला आता माणूस म्हणजे जेवण वाटतं. अशी सोडली तर पहिल्या दिवशी कुणाच्यातरी खांद्यावर उतरेल. तो काठी घालेल. आणि सोडली नाही तर पिंजरा. तीन आठवडे राहिलेत. तेवढ्यात हिला तुमची भीती बसली पाहिजे."

जिन्यावरून ताईंचं हसू ऐकू आलं. "ह्यांची?"

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा घराचं पार वसतिगृह झालं होतं. तिच्या खोलीपाशी बोलायला बंदी. ससाणीला खाणं भिंतीतल्या झडपेतून, चिमट्यानं, कुणाचं तोंड न दिसता. आणि दिवसातून एकदा साडूंनी उघड्या चेहऱ्यानं आत जायचं आणि तिला घाबरवायचं. दारात साडूंनी आतलं बघायला एक भिंग बसवलं होतं. मी त्याला डोळा लावला.

साडू आत गेले. हातात पत्र्याचा डबा आणि चमचा. त्यांनी डबा वाजवला. ससाणी दचकली. "सॉरी," साडू पुटपुटले. ससाणी दांड्यावरून उतरून चालत त्यांच्याकडे आली आणि तोंड उघडून उभी राहिली.

वरच्या खोलीत ताईंनी शिकवणी घेतली. "अहो, ओरडा. पोटातून ओरडा. पाहुणे समोर बसलेत ना, त्यांनाच ससाणी समजा."

मी ससाणी झालो. साडू माझ्यासमोर उभे राहिले, त्यांनी छाती भरून श्वास घेतला, हात वर केले आणि म्हणाले, "ए... जा की."

"कुठे जाऊ?" मी विचारलं.

"तेच तर," साडू म्हणाले आणि हताश होऊन माझ्या शेजारी बसले. मी पोट धरून हसलो, ताई हसल्या, आणि साडूही हसले; पण हसता हसता त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मधले दहाएक दिवस मी गेलो नाही. गेलो तो दुपारी. दुकानाबाहेर चहावाला उभा होता. त्यानं साडूंचा ग्लास पायरीवर ठेवला, काचेवर टकटक केली आणि साडू बाहेर यायच्या आत तो कोपऱ्यावर पोचलासुद्धा. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर तीस वर्षं कबुतरं बसत. साडू त्यांना शिव्या न देता काच पुसत. कठडा मोकळा होता. पांढरे डाग होते, कबुतरं नव्हती.

दुकानात साडू एकटेच. "धंदा जरा मंद आहे," ते म्हणाले. आवाज तोच, मऊ. "धुळीचे दिवस आहेत, त्यामुळे असेल." मी त्यांच्याकडे बघितलं. काही वेगळं नव्हतं. पण मी बोलताना त्यांच्या चष्म्याच्या दांडीकडे बघत होतो, हे मला थोड्या वेळानं कळलं.

"जमलं का घाबरवायला?"

"जमलं. बघायचंय?"

मी भिंगाला डोळा लावला. साडू आत गेले, दार लावलं आणि उभे राहिले. बस. डबा नाही, चमचा नाही. हात बाजूला सैल सोडलेले. ते तिच्याकडे बघत होते. भुवया वर गेल्या नाहीत की ओठ आवळले नाहीत. पापणी मात्र हलत नव्हती. आणि हळूहळू त्या चेहऱ्यातून साडू निघून गेले. दुसरा शब्द मला सापडत नाही. घर सोडताना माणसं एकेक दिवा मालवत जातात, तसं आतलं एकेक बंद होत गेलं, आणि उरलं ते फक्त बघत होतं.

ससाणी दांड्याच्या टोकाला गेली. अंगावरची पिसं इतकी चपटी केली की निम्मी दिसायला लागली. चोच उघडी, आवाज नाही. मग ती भिंतीला पाठ लावून थरथरायला लागली. साडू तिच्याकडे बघतच होते. असं दीड मिनिट झालं, मग ते वळले आणि दाराकडे आले.

दार उघडलं तेव्हा मी दारापाशी नव्हतो. जिन्याची तिसरी पायरी चढून उभा होतो. तिथवर कधी गेलो, हे मला आठवत नव्हतं.

"काय करता काय तुम्ही?" मी विचारलं.

साडू चहात साखर ढवळत होते. "काही नाही हो. आवाजाचं तिला काही वाटत नाही, हे माझ्या लक्षात आलं. मग मी तिलाच बघत बसलो, ती मांसाकडे कसं बघते ते. त्यात राग नसतो, बरं का. मी रागावायचा प्रयत्न करत होतो, ते चुकीचं होतं." त्यांनी चमचा बाजूला ठेवला. "मी तिच्याकडे बघतो आणि अंदाज घेतो. वजन किती असेल. हाडं किती, मांस किती. मग कुठून सुरुवात करायची ते ठरवतो. तेवढं ठरलं की तिला कळतं."

हे सगळं त्यांनी, नवीन गिऱ्हाइकाला जवळचा आणि लांबचा नंबर समजावून सांगावा, त्या सुरात सांगितलं. चहा छान झाला होता. मी तो संपवला नाही.

ताईंनी मला जिन्यात गाठलं. ताई कुजबुजून बोलताहेत, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. "पाहुणे, सकाळी हे दात घासताना आरशात बघत असतात ना, तेव्हा मी गच्चीवर जाते. मला म्हणतात, अगं, चहा दे. मी देते. पण ठेवते आणि येते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. कधी मी यांच्यापुढे गप्प बसले नव्हते."

"मग सांगा त्यांना, पुरे म्हणून."

"सांगितलं. म्हणाले, अजून आठवडाभर. आणि माझ्याकडे बघितलं." ताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी म्हटलं, बरं."

सहा आठवडे भरले. आम्ही टेम्पो करून माळावर गेलो: डॉक्टरीणबाई, ताई, मी, साडू आणि पेटीत ससाणी. अधिकारी आधीच येऊन थांबले होते. भरदार माणूस, मिशा, हातात वही. पहिली खेप म्हणून बाईंनी तिच्या पायाला लांब दोरी बांधली होती. साडूंना टेम्पोच्या मागे उभं केलं, ते दिसले तर चाचणीला अर्थ राहणार नाही म्हणून. पेटी उघडली. ससाणी एका खांबावर जाऊन बसली आणि अधिकारी तिच्याकडे चालायला लागले.

पन्नास पावलं. चाळीस. तीस. ससाणी खाली वाकली. पंख लोंबकळते सोडले. मान लांब केली, आणि त्या मिशावाल्या माणसाकडे बघून रडक्या सुरात मागायला लागली. मग खांबावरून उतरली आणि उड्या मारत त्यांच्या बुटांपाशी आली.

"संपलं," अधिकारी म्हणाले आणि वही उघडली.

साडूंना राहवलं नाही. ते टेम्पोच्या मागून बाहेर आले. त्यांनी काही केलं नाही, नुसते बाहेर आले. ससाणी सुटली ती सरळ वर, दोरी संपेपर्यंत, आणि दोरीच्या टोकाला हिसका खाऊन पुन्हा, पुन्हा. बाई धावल्या. अधिकाऱ्यांनी वळून साडूंकडे बघितलं. मग ते तीन पावलं मागे गेले आणि त्यांचा हात टोपीकडे गेला. टोपी नीट करायला की धरून ठेवायला, कोण जाणे.

"तिला यांची भीती आहे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "माणसाची नाही."

एवढीशी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. एका माणसानं सगळ्या माणसांच्या वतीनं भीती शिकवली होती आणि विद्यार्थिनीनं ती फक्त मास्तरांपुरती पाठ केली होती.

"आठ दिवस," बाई अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "दुसरे चेहरे दाखवतो."

अधिकाऱ्यांनी वही मिटली. मला वाटतं, साडू समोर उभे असताना 'नाही' म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

दुसरे चेहरे म्हणजे ताई आणि मी. माझ्या बायकोनं साफ नकार दिला. "घरी एकजण तरी बघण्यासारखं राहू दे," ती म्हणाली. ताईंना शिकायला दोन मिनिटं लागली. साडू समजावत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कळलं," आत गेल्या, आणि ससाणी भिंतीला लागली. मी विनोद करणार होतो. तयारसुद्धा होता. पण ताई बाहेर आल्या आणि मी तो गिळला.

मला चार दिवस लागले. साडूंनी मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, हनुवटी डोळे तपासायच्या यंत्रावर टेकवली आणि शिकवलं. "सरळ बघा. पापणी नको. आता तुमचं नाव विसरा. तिचं नाही, तुमचं. तुम्ही कोण, कुठून आलात, बायको काय म्हणाली, ते सगळं बाजूला ठेवा. ते असलं की डोळ्यात दिसतं, आणि तिला ते दिसतं. आता वजन. घाई नको."

चौथ्या दिवशी मी आत उभा होतो. तिच्या छातीवरच्या पिसांवर उभ्या तपकिरी रेघा होत्या. मी त्या बघितल्या, आणि मग त्या दिसेनाशा झाल्या, कारण पिसं मला नको होती. मला पिसांखालचं हवं होतं. गळ्यापासून, असं मी ठरवलं. ससाणी भिंतीला चिकटली. मी तसाच उभा राहिलो, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. साडू शेजारी बसले. आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत राहिलो.

"हे जातं का नंतर?" मी विचारलं.

"ठाऊक नाही," साडू म्हणाले. "मी पण तिच्यासाठीच शिकलो." मग म्हणाले, "आधी ती माझ्या हातून खायची. फार हलकं घ्यायची हो. बोट वेगळं आणि मांस वेगळं, हे शेवटी शेवटी तिला कळायला लागलं होतं."

आठव्या दिवशी पुन्हा माळ. या वेळी बाईंनी दोरी लावली नाही. "लावली तर पाय मोडून घेईल." म्हणजे जे व्हायचं ते एकदाच होणार होतं. ती अधिकाऱ्यांकडे मागायला गेली असती तर तिथूनच पिंजऱ्यात. आम्हा तिघांना बाईंनी टेम्पोच्या सावलीत, पाठ करून उभं केलं. "वळायचं नाही. वर बघायचं नाही. तिनं जाताना तुमच्यापैकी कुणाला बघितलं तर वाट चुकेल, तारांवर आपटेल."

त्यामुळे झालं ते मी बघितलेलं नाही, ऐकलं. पेटीची कडी. मग खांबावर नख्या घासल्याचा आवाज. मग अधिकाऱ्यांचे बूट, गवतात. एक. दोन. तीन. चौथं पाऊल पडलं की नाही सांगता येत नाही, कारण त्याच वेळी मोठं कापड झटकावं तसा एक आवाज झाला आणि तो आमच्या डोक्यावरून, फार उंचावरून, पलीकडे गेला.

साडू माझ्या शेजारी उभे होते. मान खाली. त्यांच्या दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या होत्या आणि ते आपल्याच बुटांच्या मधल्या मातीकडे बघत होते, सगळा जोर लावून. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं. दुकानापुढच्या पायरीवर पडली तेव्हापासून ती उडताना कशी दिसेल, याखेरीज त्यांनी दुसरा विचार केला नव्हता.

"गेली," बाई म्हणाल्या. "साठ पावलांवरच."

"पंख?" साडूंनी मातीला विचारलं.

"दोन्ही सारखे."

साडूंनी मान हलवली. मग खिशातला कागद काढून अधिकाऱ्यांना दिला. अधिकाऱ्यांनी तो हात लांब करून, टोकाला धरून घेतला आणि साडूंच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "काम चोख झालं."

परत येताना डॉक्टरीणबाई पुढे बसल्या, आम्ही तिघं मागे. बाई कधी नव्हे त्या बडबडत होत्या. थोड्या वेळानं टेम्पोवाल्यानं समोरचा आरसा वर, छताकडे फिरवला. आणखी थोड्या वेळानं तो म्हणाला, "मंडळी, राग मानू नका. जरा बाहेर बघत बसाल का? माझ्या मानेला कसंतरी होतंय."

"हो, हो," साडू घाईघाईनं म्हणाले. "आम्ही आपले सहज बसलो होतो."

आम्ही बाहेर बघायला लागलो. रस्त्याच्या कडेनं तारा जात होत्या आणि तारांवर संध्याकाळची पाखरं बसली होती, शेकड्यांनी, एकमेकांना खेटून. टेम्पो जवळ आला तशी पहिल्या दोन खांबांमधली रांग उठली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. एकाही पाखरानं आवाज केला नाही. आमच्या पुढे पुढे तारा रिकाम्या होत चालल्या होत्या.

ताईंनी साडूंचा हात धरला. त्यांच्याकडे न बघता, चाचपडून धरला, पण धरला.

"डोळे मिटा," साडू हळूच म्हणाले. "दोघंही मिटा. पाखरांची झोपायची वेळ आहे."

आम्ही मिटले. तीन वयस्क माणसं, टेम्पोच्या मागच्या बाकावर, शहाण्या मुलांसारखी डोळे घट्ट मिटून घरापर्यंत बसून आलो. मध्येच एकदा साडूंनी विचारलं, "बसली का हो पुन्हा?" पण बघून सांगायला आमच्यातलं कुणी तयार नव्हतं.